मी फोडलेली टीम

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नाही करणार? बरं, हसा. नवरा तीन महिने हसतोय, त्यात तुमची भर.

तर गेल्या जानेवारीत, एका शनिवारी दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, भजी खात खात, मी एका अख्ख्या गावाची क्रिकेट टीम फोडली. मी! जिला एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते अजून कळत नाही!

फोडायची नव्हती हो. मला फक्त एक सुपरवायझर हवा होता.

तुम्हाला माहीतच आहे, पनवेलहून उरणकडे जाताना जी कंटेनरची यार्डं लागतात, त्यातल्या एकात मी एचआर आहे. म्हणजे माणसं शोधायची, नेमायची, आणि ती पळून गेली की पुन्हा शोधायची. डिसेंबरात आमचा यार्ड सुपरवायझर दुबईला पळाला. दिवसाला शंभरेक ट्रेलर, सहा भाषांत ओरडणारे ड्रायव्हर, प्रत्येकाचं एकच म्हणणं, ‘आधी माझी गाडी सोडा!’ आणि तिथे मध्ये उभं राहून सगळ्यांना गप्प करणारा माणूसच नाही. आठवडाभरात ट्रेलरची रांग हायवेपर्यंत गेली.

त्यातच आमचे सावंत सर वाशीच्या कुठल्याशा हॉटेलात सेमिनारला जाऊन आले. येताना एक कापडी पिशवी, एक पेन आणि एक शब्द घेऊन आले. नेटवर्किंग.

“मुग्धा,” सर म्हणाले, “जाहिरात बघून येतात ते रिकामटेकडे. चांगला माणूस कुठेतरी कामात असतो. त्याला ओळखीपाळखीतून हेरायचं, गुपचूप माहिती काढायची आणि मग आपल्याकडे ओढायचं. ड्रॉवरभर बायोडेटा कवटाळून बसायचे दिवस गेले.”

“हो सर.”

“सोमवारी सकाळी नऊ वाजता यार्डात सुपरवायझर उभा पाहिजे. नाहीतर भरतीचं सगळं काम एजन्सीला देऊन टाकू.”

आता मला सांगा, भरती एजन्सी करणार असेल तर मी काय करणार? मला लागून अकरा महिने झाले होते. बारावा भरला की पर्मनंट. म्हणजे सोमवारी माणूस उभा नसेल तर मी पुन्हा विचुंब्यातल्या आमच्या घरात बसून सोसायटीतल्या पोरांना अपूर्णांक शिकवणार! माझा जो खालचा ड्रॉवर बायोडेट्यांनी गच्च भरला होता, त्याला मी लगेच कुलूप लावलं. मोह नको म्हणून किल्लीही कुठेतरी ठेवून दिली. आजतागायत सापडलेली नाही.

आणि नेटवर्किंग सुरू केलं. भिशीत सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दाताच्या डॉक्टरांकडे तर तोंडात नळी असताना सांगितलं. भिशीतल्या मैत्रिणीने दीर पाठवला. पडेल ते काम करीन म्हणाला, फक्त सकाळी अकराच्या आधी नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतःचंच नाव सुचवलं. वय एकोणसत्तर. डॉक्टरांनी एक दाढ काढायला सांगितली.

शुक्रवार उजाडला. मी डोकं धरून बसलेली, आणि बेबीमावशी चहा घेऊन आल्या. या आमच्या ऑफिसात चहा करतात, जवळच्याच करंजपाड्याच्या.

“काय झाला मॅडम? त्वांड का उतरलंय?”

मी सगळं सांगितलं. मावशींनी कप ठेवला.

“अवो, मंग आमचा जगदीश नाय का! माझा भाचा. गावान बत्तीस टीमची टुर्नामेंट भरवतो दर सालाला. हजार मानूस येतो, पन येक भांडान नाय. त्याचा कागद—”

“मावशी, कागद नको!” मी हात वर केला. “कागद बघून माणूस कळत नाही. मला तो काम करताना बघायचाय.”

“अवो पन त्याचा कागद तं—”

“नेटवर्किंग, मावशी! कागद नाही, माणूस!”

मावशींनी माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “बरा. मंग उद्या या मैदानावर. सेमीफायनल हाय.”

हा कपाळाला लावलेला हात लक्षात ठेवा.

शनिवारी ऑफिसची गाडी घेऊन निघाले. ड्रायव्हर नितीन. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मैदान, भोवती मंडप, झेंडे, भोंगे, बक्षिसाची मोटरसायकल स्टेजवर हार घालून उभी. आणि मधोमध तो जगदीश. अठ्ठावीस-तीसचा सडपातळ मुलगा, गळ्यात शिट्टी, हातात वही. मावशींनी लांबूनच दाखवला आणि त्या जेवण रांधायला निघून गेल्या.

काय सांगू तुम्हाला त्याचं काम! एकाच वेळी पाण्याचा टँकर मागे घेतोय, दोन टीमना वेळ सांगतोय, मोटरसायकली रांगेत लावून घेतोय. अंपायरवर धावून गेलेल्या एका पैलवानाच्या खांद्यावर त्याने नुसता हात ठेवला, कानात काहीतरी बोलला, आणि पैलवान हसत परत फिरला! ट्रेलरऐवजी माणसं, एवढाच काय तो फरक. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हाच! सोमवारी नऊ वाजता हाच!

पण सरांनी सांगितलं होतं ना, आधी गुपचूप माहिती काढायची.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, जी मला तेव्हा माहीत नव्हती. आमच्या या पट्ट्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटला देवाच्या पालखीइतका मान. रविवारी इथे फायनल होती आणि त्याच दिवशी खाडीपलीकडच्या गावातही स्पर्धा होती, मोठ्या बक्षिसाची. आणि अशा वेळी फायनलच्या आदल्या दिवशी कोणीतरी अनोळखी माणूस गाडीतून येतो, गोड बोलतो, आणि चांगला खेळाडू पळवून नेतो. याला म्हणतात खेळाडू फोडणं. आदल्या वर्षी करंजपाड्याचे दोन बॉलर असेच ऐन वेळी खाडीपलीकडे गेले होते आणि गाव फायनल हरलं होतं. वर्षभर गाव धुमसत होतं. आणि जगदीश नुसता व्यवस्था बघत नव्हता, तो गावाचा शेवटच्या ओव्हरचा हुकमी बॅट्समनही होता.

हे काहीही ठाऊक नसलेली मी, गॉगल लावून, वही काढून, भजीवाल्याकडे गेले.

“दादा, हा जगदीश कसा आहे हो?”

“येक नंबर! का?”

“नाही, सहज. किती घेतो? म्हणजे साधारण अपेक्षा काय असेल?”

भजीवाल्याचा झारा हवेतच राहिला. “कसली अपेक्षा?”

“चांगलं मिळालं तर इकडचं सोडून येईल का? की गावाला अगदी चिकटून आहे?”

“तुमी कंच्या बाजूच्या?”

“ते आत्ताच नको ना बोलायला,” मी आवाज बारीक करून म्हटलं. गुपचूप म्हणजे गुपचूप! “गुडघे-बिडघे ठीक आहेत ना त्याचे? दिवसभर उभं राहायचंय.”

त्याने मला भजी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि दुकान तसंच टाकून स्टेजकडे पळत गेला. मला वाटलं, काय ही अगत्यशील माणसं!

मग स्कोअर लिहिणाऱ्याला विचारलं, पितो का. पाणीवाल्याला विचारलं, याच्या मागे अजून कोण लागलंय. पाच मिनिटांत भोंग्यातून कॉमेंट्रीवाल्याचा आवाज घुमला.

“मंडली, आज आपल्याकं खास पावनी आलीय! निली साडी, काला गॉगल! आपल्या पोरांवर लय जीव हाय तिचा! यकदा टाल्या होऊन जाऊ द्या!”

मैदानभर टाळ्या झाल्या. शिट्ट्याही झाल्या. हजार डोळे माझ्याकडे वळले.

आणि मी काय करावं? मी उठून उभी राहिले आणि चारी दिशांना नमस्कार केला!

तो टोमणा होता हे मला कसं कळणार? मला आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या होत्या?

पण खरी गंमत पुढेच. दहा मिनिटांनी मंडपाच्या मागून एक उंच मुलगा आला, इकडेतिकडे बघत.

“मॅडम, तुमी मानसं घेताव ना?”

“हो! तू कोण?”

“मी पन चांगला हाय. जग्यालाच कशाला? मला विचारा ना.”

बघा! नेटवर्किंग! एकाला विचारलं की दुसरा आपोआप येतो, हे सरांच्या सेमिनारच्या नोट्समध्ये जसंच्या तसं होतं. मी वही उघडली आणि रीतसर मुलाखत घेतली.

“प्रेशरमध्ये काम करता येतं का?”

“शेवटच्या ओव्हरला पंधरा लागूद्यात, घाबरत नाय.”

वा! मी म्हटलं, मैदानावरची पोरं, तशाच भाषेत बोलणार. “टीममध्ये कोणाशी पटलं नाही तर?”

“माजं काम मी करतो. बाकी कॅप्टनचं डोकं.”

“उद्या सकाळी दहाला यायला जमेल? सर स्वतः बघतील.”

त्याने मागे वळून मैदानाकडे बघितलं. “जमवू. पन मॅडम, इकडं कोनाला बोलू नका.”

“छे छे! हे सगळं गुप्तच असतं.”

तो गेला, दुसरा आला. दुसरा गेला, तिसरा आला. एकमेकांना चुकवत, मंडपाच्या मागून, कोणी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने, कोणी लघवीच्या. दोन तासांत माझ्या वहीत दहा नावं, दहा मोबाईल नंबर, आणि प्रत्येकापुढे ठळक अक्षरांत, ‘उद्या सकाळी दहा, नक्की येतो’. एकटा जगदीश तेवढा आला नव्हता. मी मनात म्हटलं, कामात आहे बिचारा, शेवटी भेटू.

गाडीला टेकून भजी खाणारा नितीन सगळं बघत होता. मी विचारलं, “काय रे, का हसतोस?”

“काय नाय मॅडम,” तो म्हणाला. “तुमी लय भारी हाव.”

दुपारी करंजपाड्याने सेमीफायनल जिंकली. फटाके, बेंजोचा बँड, गुलाल! गुलालाने माखलेला एक दांडगा गडी सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टीमचा कॅप्टन, रमाकांत. मागे भजीवाला, आणि त्याच्यामागे पांढऱ्या टोपीतले अण्णा, म्हणजे गावच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. हळूहळू बेंजो बंद झाला.

“बाय,” अण्णा शांतपणे म्हणाले, “ती वही जरा दाव.”

मी मोठ्या अभिमानाने दिली. रमाकांतने वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव, दुसरं नाव. सातव्या नावाला तो थांबला. सातवं नाव त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं.

“शेल्या!” तो जो ओरडला! “तू पन? जल्ला तुजं त्वांड! काल आयच्या पाया पडून शपत घेतलीस ना रं?”

“दादा, मी नुसता इचारला—”

“आनि तू रं पक्या? नि तू? अरं राखीव धरून टीमच हाय का ही सगली!”

दहाच्या दहा जणांनी माना खाली घातल्या. मग ते एकमेकांकडे बघू लागले, कारण प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच गेलो होतो! आणि मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणणं.

“गाडी कोनाची?” अण्णांनी विचारलं.

“ऑफिसची.”

“नि ड्रायवर?”

भजीवाल्यानेच नितीनला ओळखलं. नितीन खाडीपलीकडच्या गावचा! संपलं. याहून पुरावा काय हवा?

“नितीन!” मी किंचाळले. “तू सांगितलं का नाहीस मला?”

“तुमी इचारलंच नाय, मॅडम.”

आणि मग सगळ्यात वाईट झालं. रमाकांत वळला तो जगदीशकडे. “नि तुजं नाव नाय वहीत, म्हंजी तूच आनलीस ना हिला? तूच दलाल ना?”

जगदीश नुसता उभा होता. सकाळपासून हजार माणसांना सांभाळणारा मुलगा, शिट्टी हातात घट्ट धरून. मी त्याचा चेहरा बघितला. खरंच सांगते, तोपर्यंत मला माझ्या नोकरीची काळजी होती. त्या क्षणी नव्हती. या मुलाचं गावातलं नाव मी घालवलं होतं, भजी खात खात!

मी तडक स्टेजवर गेले आणि कॉमेंट्रीवाल्याच्या हातातला माइक ओढला. संभाषणकौशल्यावर मी नवीन लोकांचे वर्ग घेते, बरं का. आणि तोंडातून काय निघालं?

“ऐका! मी कुठल्याही गावाची नाही! मी एचआर आहे!”

मागून एक म्हातारा आवाज आला, “यो कंचा गाव?”

“गाव नाही हो आजोबा! मी कंटेनर यार्डातून आलेय! मला क्रिकेट कळत नाही, आईशपथ! मला ट्रेलर लावायला सुपरवायझर हवाय! जगदीशशी मी आजवर एक शब्दही बोललेले नाही, त्याला यातलं काहीही माहीत नाही! आणि तुमची पोरं ट्रेलरच्या रांगा लावायला उद्या दहाला येणार आहेत, खाडीपलीकडे नाही!”

मग शेल्याचा बारीक आवाज, “ट्रेलर?”

आणि रमाकांत हसायला लागला. असा हसला की गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसला. मग अण्णा, मग मंडप, मग मैदान. कॉमेंट्रीवाल्याने माइक परत घेऊन सांगितलं, “मंडली, मॅडमनी दोन तासांत दहा इकेट घेतल्या! मॅन ऑफ द मॅच द्या त्यांना!” रमाकांतने उठून जगदीशच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात बेबीमावशी रांधणं सोडून धावत आल्या. जगदीशही पुढे झाला. माझ्याशी बोलताना तो अगदी शाळेतल्यासारखं बोलत होता.

“मॅडम, एक विचारू? तुमचं यार्ड म्हणजे निळ्या गेटचं का?”

“हो.”

“मग मी अर्ज केला होता तुमच्याकडे. ऑगस्टमध्ये. आत्याच्या हातून.”

मी मावशींकडे बघितलं. मावशींनी पुन्हा कपाळाला हात लावला.

“मी काल तेच सांगत व्हते ना! त्याचा कागद तं तुमच्याकच हाय, असं सांगत व्हते. तुमी बोललाव, कागद नको, मानूस!”

धरणीमाता दुभंगते ती सगळ्यांसाठी नाही. करंजपाड्याचं शेत टणक होतं.

“चुकलं माझं,” मी जगदीशला म्हटलं, हजार माणसांसमोर. “येशील का सोमवारी?”

तो अण्णांकडे बघायला लागला. अण्णा म्हणाले, “फायनल होईतोवर त्यो आमचा. नि तुमी पन आमच्याच. काय नेम नाय तुमचा.”

रविवारी मला सकाळपासून गावातल्या बायकांच्या मधोमध बसवलं होतं. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, पण मंडपाच्या बाहेर पाऊल नाही! शेवटच्या ओव्हरला अकरा हवे होते. जगदीशने ते काढले. मला काय झालं ते कळलं नाही, पण सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले असं म्हणतात.

आणि सोमवारी पावणेनऊला जगदीश यार्डात हजर. गळ्यात तीच शिट्टी. सर येईपर्यंत हायवेवरची रांग आत आली होती. दुपारी सर केबिनमधून बाहेर आले ते चमकतच.

“मुग्धा, याला म्हणतात नेटवर्किंग! तुमच्या पर्मनंटच्या फाईलवर मी सही करतोय. फक्त पुरावा म्हणून याचा बायोडेटा लावा तिला.”

बायोडेटा. किल्ली तर नव्हतीच. नितीनने पान्याने खालच्या ड्रॉवरचं कुलूप तोडलं. अगदी वर, पहिलाच कागद. त्यावर चहाच्या कपाचं गोल तपकिरी कडं, आणि कड्याच्या आत माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं, ‘क्रिकेटचे सामने भरवतो. माणसं हाताळण्याचा अनुभव नाही.’

काखेत कळसा वगैरे म्हणू नका, नवऱ्याने त्याचं गाणं केलंय. कागद तसाच फाईलला लावला. सरांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ, सही केली.

संध्याकाळी बेबीमावशी चहा घेऊन आल्या. टेबलावर त्या दिवशी आलेले पाच-सहा नवे बायोडेटा पसरलेले. मावशी कप हातात धरून तशाच उभ्या.

“ठेवा ना, मावशी.”

“ठेवते,” मावशी म्हणाल्या. “पन आज कोनाच्या कागदावर ठेवू, तेवढा सांगा.”